आहारातील तंतू, पोटाचा घेर आणि रोगप्रतिकारशक्ती

इंदिरानगर परिसरातील मराठी कुटुंबांसाठी व दवाखान्यात येणाऱ्या नागरिकांसाठी माहितीपत्रक

हे माहितीपत्रक कोणासाठी आहे?

एक उदाहरण घेऊ. पंचेचाळीस वर्षांच्या एका गृहस्थांचा तपासणी अहवाल आला. उपाशीपोटी रक्तशर्करा १०४, रक्तदाब १३२/८६, कंबरेचा घेर ९४ सेंटिमीटर. यांपैकी एकही आकडा भयावह नाही. मधुमेहाचे निदान झालेले नाही, हृदयविकार नाही, औषधही सुरू झालेले नाही. असा अहवाल बहुतेक घरांत कपाटात जातो आणि पुढील वर्षापर्यंत तेथेच राहतो.

परंतु हे तीन आकडे एकत्र वाचले असता त्यांना वैद्यकशास्त्रात एक नाव आहे : मेटाबॉलिक सिंड्रोम, अर्थात चयापचय-विकारांचा लक्षणसमूह. या अवस्थेत शरीराची रोगप्रतिकारशक्तीही बिघडू लागते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ती सावरण्यास दररोजच्या ताटातील तंतुमय पदार्थ, म्हणजेच ज्याला आपण बोलीभाषेत चोथा म्हणतो तो, कसा व किती साह्य करतो, हे येथे समजावून सांगितले आहे.

पाच मोजमापे

पुढील पाचांपैकी कोणतीही तीन आढळल्यास मेटाबॉलिक सिंड्रोम आहे असे मानले जाते :

१. कंबरेचा घेर : भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर, किंवा त्याहून अधिक.
२. रक्तदाब : १३०/८५ किंवा त्याहून अधिक. वरचा किंवा खालचा, कोणताही एक आकडा वाढलेला असला तरी पुरे.
३. उपाशीपोटी रक्तशर्करा : १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक.
४. ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी : १५० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक.
५. एचडीएल, म्हणजे हितकर कोलेस्टेरॉल : पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी.

रक्तदाब, साखर किंवा चरबी यांसाठी औषध सुरू असल्यास ते लक्षण आहे असेच धरावे. कंबर मोजताना श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर टेप धरावी. पँटचे माप येथे उपयोगी नाही, कारण ती पोटाच्या खाली बांधली जाते.

ही अवस्था विरळ नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह, तर १५.३ टक्के लोकांना मधुमेहपूर्व अवस्था आहे. पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांत आढळला.

बारीक दिसणाऱ्यांनीही मोजावे

‘आमच्या घरी कोणी लठ्ठ नाही’ हे समाधान पुरेसे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. २००४ साली त्यांनी व लंडनचे संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छायाचित्रासह मांडली. उंची व वजन यांच्या प्रमाणावरून काढलेला देहभार-निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. तरीही डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. वजनकाटा जे दाखवीत नाही ते भारतीय शरीर पोटात साठवते, हा यातील धडा आहे. म्हणून वजनाबरोबर कंबर मोजणे अत्यावश्यक होय.

पोटातील चरबीचा प्रतिकारशक्तीशी संबंध काय?

आतड्यांभोवती साचलेली चरबी निष्क्रिय नसते. तिच्या पेशी फुगल्या की त्या धोक्याचे रासायनिक संदेश रक्तात सोडू लागतात. ते ऐकून प्रतिकारशक्तीच्या पेशी तेथे गोळा होतात आणि शत्रू नसतानाही लढत राहतात. जखम झाल्यावर येणारी सूज दिसते व काही दिवसांत ओसरते. ही सूज मात्र दिसत नाही, दुखत नाही आणि वर्षानुवर्षे धुमसत राहते. तिला सौम्य दीर्घकालीन दाह असे म्हणतात. या दाहामुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब होते व यकृतात चरबी साचते.

दुसरा परिणाम असा की, घरातच गुंतलेले हे सैन्य खऱ्या शत्रूच्या वेळी कमी पडते. मधुमेह असलेल्या व्यक्तीस क्षयरोग होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट असतो. त्यामुळेच आपल्या देशात क्षयरुग्णाची मधुमेहासाठी व मधुमेहीची क्षयरोगासाठी तपासणी करण्याचे धोरण आहे. त्वचेचे, मूत्रमार्गाचे व हिरड्यांचे संसर्गही अशा व्यक्तींत वारंवार होतात. कोविडच्या साथीत मधुमेह व लठ्ठपणा असलेल्या रुग्णांचा आजार अधिक गंभीर झाल्याचे जगभर दिसून आले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या व्यक्तीस प्रतिकारशक्ती ‘वाढविणाऱ्या’ चूर्णाची वा टॉनिकची गरज नसते. तिची प्रतिकारशक्ती आधीच नको तेथे पेटलेली असते. ती शांत करून योग्य कामी लावणे हे खरे उद्दिष्ट आहे.

तंतू आतड्यात काय करतात?

वनस्पतिजन्य अन्नाचा जो भाग आपले पाचकरस पचवू शकत नाहीत, त्यास आहारातील तंतू म्हणतात. धान्याचा कोंडा, डाळीचे साल, भाजीचे देठ, फळाचा गर या सर्वांत ते असतात. मांस, मासे, अंडी, दूध, तेल व साखर यांत ते नसतात. काही तंतू पाण्यात फुगून बुळबुळीत होतात. मेथीदाणे, इसबगोल, कडधान्ये व ओट्स यांत असे तंतू पुष्कळ असतात. त्यांच्यामुळे साखर रक्तात सावकाश मिसळते व कोलेस्टेरॉल काही अंशी उतरते. गव्हाच्या कोंड्यासारखे इतर तंतू मलाला घनता देतात.

लहान आतड्यात न पचलेले हे तंतू मोठ्या आतड्यात पोहोचतात. तेथे अब्जावधी उपकारक जीवाणू राहतात व तंतू हेच त्यांचे अन्न असते. जीवाणू तंतू आंबवितात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही आखूड साखळीची मेदाम्ले तयार होतात. यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. ते मिळाले की अस्तर घट्ट राहते व जीवाणूंचे विषारी अंश रक्तात झिरपत नाहीत. प्रतिकारशक्तीच्या पेशींपैकी मोठा वाटा आतड्याच्या भिंतीलगत असतो. तेथील पेशींना ‘संयम राखा’ असा संदेश देणाऱ्या नियामक पेशींची वाढ ब्युटिरेटमुळे होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

तंतू मिळाले नाहीत तर काय होते? भुकेलेले जीवाणू आतड्याच्या अस्तरावरील संरक्षक श्लेष्माचा थरच खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. संरक्षक थर पातळ झाला की दाहास वाव मिळतो.

संशोधन काय सांगते, काय सांगत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या विनंतीवरून न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी १८५ दीर्घकालीन निरीक्षणे व ५८ चाचण्या एकत्र तपासल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार, सर्वाधिक तंतू खाणाऱ्यांत अकाली मृत्यू, हृदयविकार, मधुमेह व मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण सर्वांत कमी तंतू खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी होते. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतू घेणाऱ्यांत हा लाभ स्पष्ट दिसला.

२०१८ साली चीनमध्ये मधुमेही रुग्णांना बारा आठवडे विविध प्रकारच्या तंतूंनी समृद्ध आहार देण्यात आला. त्यांच्या आतड्यात मेदाम्ले बनविणाऱ्या १५ जीवाणू-प्रकारांची वाढ झाली आणि तीन महिन्यांची सरासरी साखर नेहमीच्या आहारावरील गटापेक्षा अधिक उतरली.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२१ साली ३६ निरोगी प्रौढांवर झालेला अभ्यास मात्र सावध करतो. एका गटाने तंतूंचे प्रमाण पुष्कळ वाढविले, दुसऱ्याने दह्यासारखे आंबविलेले पदार्थ वाढविले. दहा आठवड्यांनंतर दुसऱ्या गटात दाहाशी संबंधित १९ प्रथिने कमी झाली. केवळ तंतू वाढविणाऱ्यांत परिणाम व्यक्तिपरत्वे वेगवेगळा आला. ज्यांच्या आतड्यात मुळात जीवाणूंचे वैविध्य जास्त होते, त्यांना अधिक लाभ दिसला. याचा व्यावहारिक अर्थ असा : वर्षानुवर्षे मैदा व पांढरा भात खाल्लेल्या आतड्यास तंतूंची सवय होण्यास वेळ लागतो. पंधरा दिवसांत चमत्काराची अपेक्षा ठेवू नये आणि तंतूंच्या जोडीला रोज ताजे दही किंवा ताक घ्यावे. इडलीचे पीठ आंबविलेले असले तरी वाफवताना त्यातील जीवाणू मरतात. दह्यातील जीवाणू जिवंत राहतात.

किती तंतू हवेत?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींनुसार २००० किलोकॅलरीच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम तंतू असावेत. याच संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांतील पुढील आकडे स्वयंपाकघरात उपयोगी पडतील. कच्च्या १०० ग्रॅम पदार्थातील तंतू, सुमारे :

पांढरा तांदूळ : ३ ग्रॅम
मैदा : ३ ग्रॅम
ज्वारी : १० ग्रॅम
नाचणी, बाजरी, गव्हाचे आटा-पीठ : प्रत्येकी ११ ग्रॅम
तूरडाळ : ९ ग्रॅम
अख्खे मूग : १७ ग्रॅम
अख्खे हरभरे : २५ ग्रॅम
पेरू : साडेआठ ग्रॅम

धान्य बदलल्याने तंतू तिप्पट होतात, आणि अख्ख्या कडधान्यात ते त्याहूनही अधिक असतात, हे या आकड्यांवरून दिसेल.

एका दिवसाचा नमुना

सकाळी : ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाचे दोन डोसे किंवा धिरडी (साडेपाच ग्रॅम)
दुपारी : ८० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या दोन भाकरी (८), २० ग्रॅम डाळीचे वरण (२), एक वाटी पालेभाजी (३), काकडी-गाजराची कोशिंबीर (अडीच), एक वाटी ताक
सायंकाळी : एक मध्यम पेरू, सालीसह (साडेआठ)
रात्री : ३० ग्रॅम मोड आलेल्या मुगाची उसळ (५) व अर्धी वाटी भात

एकूण सुमारे ३४ ग्रॅम. यांत एकही विकतची पावडर नाही.

इंदिरानगरच्या बाजारात याची वाण नाही. कर्नाटकातील रागी म्हणजे आपली नाचणी. उत्तर कर्नाटकी खाणावळीतील जोळद रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरी. हुरुळी म्हणजे कुळीथ. हिवाळ्यात हातगाड्यांवर रचलेल्या अवरेकाळूच्या शेंगा म्हणजे आपल्या वाल-पावट्याचेच भावंड. सोप्पु या नावाने मिळणाऱ्या पालेभाज्या रोज ताज्या असतात. मूगडाळीची कोसंबरी तर कोशिंबिरीची सख्खी बहीण होय. दोन्ही प्रांतांच्या स्वयंपाकाची ही पुंजी येथे एकाच ताटात वाढता येते.

दर्शिनीत न्याहारी करावी लागत असल्यास इडली-वड्यासोबत चटणीऐवजी सांबाराची वाटी भाज्यांसह पूर्ण खावी, दुसरा वडा टाळावा व घरून एक फळ सोबत न्यावे. कार्यालयातील चहासोबत बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे किंवा उकडलेले चणे घ्यावेत.

तीन सर्वसामान्य गैरसमज

‘नाचणी कितीही खाल्ली तरी चालते.’ हे खरे नाही. नाचणीतही पिष्ट भरपूर असते. बारीक पिठाची पातळ आंबील रक्तशर्करा लवकर वाढविते. भाकरी किंवा मुद्दे मोजून घ्यावे व सोबत उसळ, भाजी असावी. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी आहार-अभ्यासात भारतीयांच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के भाग कर्बोदकांतून येतो, असे आढळले. एकूण कर्बोदके कमी न करता केवळ तांदळाच्या जागी गहू वा भरडधान्याचे पीठ वापरल्यास मधुमेहाचा धोका घटल्याचे त्यात दिसले नाही. म्हणून भात-भाकरीचा वाटा थोडा घटवून ती जागा कडधान्य, दही व भाज्यांना द्यावी. जेथे दोन भाकऱ्या पुरतात तेथे तिसरी वाढू नये.

‘फळांचा रस म्हणजे फळच.’ रस गाळताना चोथा टाकला जातो व साखर उरते. फळ चावून खावे.

‘मल्टिग्रेन लिहिले आहे, म्हणजे तंतू असणारच.’ वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. जो घटक सर्वाधिक असतो तो प्रथम लिहिलेला असतो. तेथे मैदा असल्यास वस्तू परत ठेवावी. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार १०० ग्रॅम घन पदार्थात किमान ६ ग्रॅम तंतू असतील तरच ‘तंतूंनी समृद्ध’ असा दावा करता येतो.

प्रमाण सावकाश वाढवावे

एकदम प्रमाण वाढविल्यास पोट फुगते, वायू होतो आणि लोक दुसऱ्याच दिवशी जुन्या सवयीकडे वळतात. पहिल्या आठवड्यात केवळ एक बदल करावा : रोज एक वाटी उसळ. दुसऱ्या आठवड्यात एका वेळचा भात बदलून भाकरी. तिसऱ्या आठवड्यात सालीसह एक फळ व कोशिंबीर. कडधान्ये रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, मोड आणून शिजवावीत. त्यामुळे वायूचा त्रास कमी होतो. पाणी पुरेसे प्यावे, अन्यथा बद्धकोष्ठता वाढू शकते.

घरात एकट्यासाठी वेगळा स्वयंपाक करू नये. तो फार दिवस टिकत नाही आणि करणाऱ्या व्यक्तीवर, बहुधा गृहिणीवर, त्याचा भार पडतो. हा आहार मुलांना व ज्येष्ठांनाही हितकर आहे, म्हणून सर्वांचे ताट एकच असावे.

यांनी आधी डॉक्टरांना विचारावे

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, कारण कडधान्ये, फळे व पालेभाज्यांतील पोटॅशियम त्यांना बाधू शकते.

आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा आतडे अरुंद झालेल्या व्यक्तींनी.

इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी. आहार बदलल्यावर साखर अपेक्षेपेक्षा खाली येऊ शकते. घाम, थरथर, चक्कर ही लक्षणे दिसल्यास त्वरित साखर किंवा ग्लुकोज घेऊन डॉक्टरांशी संपर्क साधावा.

थायरॉइड व अन्य नित्य औषधे घेणाऱ्यांनी इसबगोल त्याच वेळी घेऊ नये. औषध व इसबगोल यांत किती अंतर ठेवावे ते डॉक्टरांना विचारावे. इसबगोल नेहमी भरपूर पाण्यासोबतच घ्यावे.

मलातून रक्त जाणे, विनाकारण वजन घटणे किंवा शौचाच्या सवयीत अचानक व टिकून राहणारा बदल होणे, ही लक्षणे असल्यास आहाराचे प्रयोग न करता तपासणी करून घ्यावी.

तंतू हे औषधांना पर्याय नाहीत

रक्तदाब, साखर वा कोलेस्टेरॉलची सुरू असलेली गोळी स्वतःहून बंद करू नये. तंतूंमुळे लसीची गरजही संपत नाही. फ्लू, न्यूमोनिया आदींच्या लसींबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रोज किमान अर्धा तास भरभर चालणे, तंबाखू व मद्य वर्ज्य करणे आणि पुरेशी झोप यांच्या जोडीनेच तंतूंचा लाभ पूर्णत्वास येतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास, विशेषतः मधुमेह असताना, क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी.

तपासणी कोठे करावी?

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमाअंतर्गत ३० वर्षांवरील प्रत्येक नागरिकाची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य केली जाते. बेंगळुरूत नम्म क्लिनिक, नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रे व इंदिरानगरातील सर सी. व्ही. रामन सार्वजनिक रुग्णालय येथे यासाठी चौकशी करावी. आशा कार्यकर्ती घरी आल्यास तिच्याकडून कंबर मोजून घेण्यास संकोच करू नये. ते मोजमाप तिच्या नोंदपत्रकाचा अधिकृत भाग आहे. कन्नड येत नसल्यास जुना अहवाल व औषधांच्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, म्हणजे समजण्यात चूक होणार नाही.

आजपासून करावयाच्या पाच गोष्टी

१. घरातील सर्व प्रौढांची कंबर मोजून ती दिनांकासह लिहून ठेवावी.
२. मागील तपासणी अहवाल काढून वरील पाच मोजमापांशी ताडून पाहावा.
३. रात्री एक वाटी मूग, मटकी किंवा हरभरे भिजत घालावेत.
४. दिवसातून एकदा भाकरी-उसळ-भाजी, एकदा सालीसह फळ व एकदा दही किंवा ताक घ्यावे.
५. तीन महिन्यांनी कंबर, रक्तदाब व साखर पुन्हा तपासून पहिल्या नोंदीशी तुलना करावी.

उदाहरणातील गृहस्थांचे तीन आकडे आज सीमेवर आहेत. सीमेवर असतानाच ते मागे फिरविणे सर्वांत सोपे असते. त्यासाठी लागणारे साहित्य घरोघरी डब्यात भरलेले आहे.